दादाच्या रजेतला वॉल्व्हचा अँप्लिफायर

जुना वॉल्व्हचा अँप्लिफायर हाती आला की सुरुवात कुठून करायची, हे विचारायला हल्ली तरुण मंडळी माझ्याकडं येतात. मी सांगतो, घाईनं प्लग लावू नका. आधी स्पीकर जोडा, मग वीज, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज बसून राहते, लगेच हात घालू नका. वॉल्व्ह तापेपर्यंत थांबा, गाणं कुठं पळून जात नाही. ती मंडळी आभार मानून जातात. हे शिकण्यात आमची एक रजा कशी गेली, ते मी त्यांना सांगत नाही.

ती रजा माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो दोन महिने घरी आला तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये बसवून त्यानं एक रेकॉर्ड प्लेअर आणला होता, आणि काही लाँगप्ले रेकॉर्डी. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि सुट्टीसाठी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो. गावात वीज नुकतीच आली होती. प्लेअर होता, वीज होती, पण आवाज मोठा करणारं यंत्र नव्हतं. सुईला कान लावला की डबीत कोंडलेल्या माशीसारखं काहीतरी ऐकू यायचं, तेवढंच.

"आमच्या सायबाच्या बंगल्यावर वॉल्व्हचा अँप्लिफायर हाय," दादा म्हणाला. "त्येच्यावर रेकॉर्ड लावली की बाई खोलीत बसून गाती असं वाटतं गड्या. श्वास घेतलेला ऐकू येतो. तसला पायजे आपल्याला."

आमच्या घरात गाण्याचा नाद दुसऱ्या कुणाला नव्हता. दादाला कुठून लागला, देव जाणे. उसाला पाणी पाजताना तो जे गुणगुणायचा ते ऐकून शेजारच्या रानातली माणसं हसायची, कारण त्याचा सूर कधी जाग्यावर नसायचा. पण ऐकायचा मात्र तो डोळे मिटून, मान खाली घालून, देवळात बसल्यासारखा.

सांगलीला हळदीच्या पेठेत एक लाऊडस्पीकरवाला माझ्या माहितीतला होता. लग्नसराईत तो बैलगाडीवर कर्णे बांधून गावोगाव जायचा. त्याच्याकडं नुकतीच बॅटरीवर चालणारी ट्रान्झिस्टरची यंत्रं आली होती आणि वॉल्व्हची जुनी पेटी माळ्यावर गेली होती. आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. त्यानं शिडी लावून ती पेटी खाली दिली. लोखंडाची, भट्टीतल्या विटेसारखी जड, आणि आत सगळीकडं हळदीची पिवळी धूळ.

"न्या," तो म्हणाला. "माळा मोकळा होईल. पण ह्यो एक वॉल्व्ह बघा. काचेच्या आत आरशासारखा डाग असतो, त्यो पांढरा पडलाय. म्हंजे हवा शिरली. मेला त्यो."

"नवा मिळंल की," दादा म्हणाला.

तो एक वॉल्व्ह शोधण्यात रजा गेली. सांगलीत नव्हता, मिरजेत नव्हता. कोल्हापूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं पुण्याचा पत्ता दिला, पुण्यातल्यानं "आता ते कोण वापरतंय" म्हणून हात झटकले. मधल्या दिवसांत आम्ही पेटी उघडून नरम ब्रशनं धूळ काढली, वॉल्व्हच्या पिना घासल्या, जुन्या रेडिओतला स्पीकर सागाच्या खोक्यात बसवला. परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून त्यात लोखंडी नळी पुरली, यंत्राला अर्थिंग हवं म्हणून. आई भाकरी थापता थापता आतून म्हणायची, "दोन म्हैन्याची रजा, आन् घरात बूड टेकलं न्हाई ह्येचं."

शेवटी वाईच्या बाजूला एका जत्रेत तंबूतला सिनेमा उतरलाय असं कळलं. दादा सायकलीवर टांग मारून गेला. सिनेमावाल्याकडं तसलाच वॉल्व्ह जास्तीचा होता. परत आला तेव्हा त्यानं तो अंगरख्याच्या आत, फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्याला निघायचं होतं.

सकाळीच आम्ही यंत्र लावलं. वॉल्व्हच्या आतली तार आधी मळकट लाल झाली, मग नारिंगी. स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू झाला, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ गेल्यासारखा. दादानं स्वतः सुई टेकवली. त्या घूं आवाजातून एक बाई गायला लागली, आणि खरंच, आमच्या त्या शेणानं सारवलेल्या सोप्यात ती बसली होती. आई पिठाचे हात तसेच धरून दारात उभी राहिली.

रेकॉर्डीची एक बाजूही पुरती झाली नाही, तोवर वीज गेली. गाणं खाली खाली घसरत थांबलं. आम्ही वाट बघितली. दादाची ट्रंक बांधून झाली, जेवणं झाली, वीज आली नाही.

"लय घूं घूं करतंय रं," फाट्यावर एसटीची वाट बघताना तो म्हणाला. "त्येवढं तू काढ. बाकी फस्टक्लास."

त्यानंतर लढाई झाली. तिथं काय झालं ते दादानं आम्हाला कधीच नीट सांगितलं नाही. तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे असं कळलं तेव्हा मी आणि वडील भेटायला गेलो. हातपाय धड होते, चेहरा धड होता. "तोफेपाशी हुतो, कानाला जरा कमी येतंय," एवढंच म्हणाला. आम्ही समोर बसून बोलायचो, तो आमच्या तोंडाकडं बघून उत्तरं द्यायचा. आम्हाला वाटलं, खरंच जरासंच कमी येतंय. हातपाय शाबूत बघून आमच्या डोळ्यांना आनंदाचं पाणी आलं होतं. त्या आनंदात आम्ही दुसरं काही बघितलंच नाही.

तो दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी त्या घूं आवाजाच्या मागं लागलो होतो. सांगलीचा लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "कंडेन्सर वाळलं असतील." मी ते बदलले. तारा एकमेकींपासून दूर केल्या. प्लेअरच्या तारेला जाळीचं वेष्टण घातलं. दर सुट्टीत थोडं थोडं करत एके दिवशी यंत्र चालू केलं आणि स्पीकरमधून काही म्हणता काही येईना. वॉल्व्ह पेटलेले, आणि खोली शांत. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

दादा आला. दोन दिवस माणसांचं येणंजाणं चाललं. तिसऱ्या दिवशी मी त्याला खुर्ची मांडून दिली, तीच रेकॉर्ड काढली. तो डोळे मिटून, मान खाली घालून बसला, पहिल्यासारखाच. मी बटण दाबलं, वॉल्व्ह तापू दिले, सुई टेकवली. गाण्याच्या आधी बराच वेळ नुसता आलाप होता, तबला नंतर येत होता. इतक्या शांततेतून तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. तिनं घेतलेला श्वास ऐकू आला. साहेबांच्या बंगल्यावर दादा जे ऐकून आला होता, ते हेच असणार.

दादानं डोळे उघडले. "लाव की रं," तो म्हणाला. "काय बघत बसलास?"

बाई गात होती.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग रेकॉर्डीकडं. ती फिरत होती. त्याला कळलं.

"लावलीयास व्हय," तो म्हणाला. "घूं आवाज येईना, म्हणून वाटलं बंद हाय. त्यो जाड आवाज ऐकू आला असता मला."

तेवढ्यात तबला सुरू झाला. त्यानं हात वर केला. "थांब. डग्गा येतोय. वरच्या माळ्यावर कुणीतरी चालावं तसा येतोय." थोडा वेळ त्यानं मांडीवर ठेका धरला. "बाई न्हाई येत."

दारात आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी त्याच्या कानाशी मोठ्यानं विचारलं, जुने कंडेन्सर परत बसवू का? तो हसला. "येडा का खुळा तू? येवढं झटून काढलंस. त्या घूं आवाजाचं काय ऐकायचं?"

पुढं मी जाड आवाजाचं बटण पिळून बघितलं, मोठा स्पीकर आणून बघितला. दादा दोन-चार वेळा माझ्या समाधानासाठी बसला. नंतर रानात काहीतरी काम काढायला लागला. मला सांगलीला नोकरी लागली तेव्हा त्यानंच ती पेटी पोत्यात बांधून एसटीच्या टपावर चढवली. "हितं उंदरं तारा खातील," म्हणाला.

दादाचं लग्न झालं. वहिनी सांगलीकडची, माहेरी आली की दोघं माझ्याकडं उतरायची. मी यंत्रावर फडकं टाकून ठेवायचो. दादा ते फडकं स्वतः काढायचा. "लाव. हिला ऐकू दे." वहिनीला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन रेकॉर्डीतली बाई काय म्हणते ते ती मोठ्यानं सांगायची, बाजारभाव सांगावा तसं.

"ती म्हंती, अजून आला न्हाई!"

"मग?"

"मग काय न्हाई! तेच परत म्हंती!"

दादा मान डोलवायचा. मी पाठ करून यंत्राशी काहीतरी करत असल्यासारखा उभा राहायचो.

दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एक गोष्ट त्याला विचारायची राहून गेली. डोळे मिटून बसायचा तेव्हा त्याला ती बाई आतून ऐकू यायची का, त्या एका सकाळी ऐकली होती तेवढी तरी? ओठांवर कितीतरी वेळा आलं होतं. पण त्याला काही विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागे, आणि हे ओरडून विचारण्यासारखं नव्हतं.