सड्यावरची हाक

लांब पायी जायचं तर आधी पायांची बडदास्त ठेवावी, मग देवाधर्माची. नवे बूट घालून निघणाऱ्याला मी आजही घरी परत पाठवीन. झोपताना तळव्यांना खोबरेल, सकाळी सुती मोजे. फोड आला तर सुईने दोरा ओवून तो तसाच आत ठेवायचा, पाणी झिरपून जातं. पुळणीवरून चालायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून. हे सगळं मला ठाऊक होतं. थोरल्या भावाला, दादाला, ते सांगून काही उपयोग नव्हता.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल. दादा मुंबईत नोकरीला. तिथे त्याला डोंगर चढणाऱ्या मित्रांची संगत लागली आणि स्वारी पाठीवर भलीमोठी सॅक टाकून रत्नागिरीला घरी आली. केळशीपासून पूर्णगडापर्यंत किनाऱ्याने चालत जायचं, म्हणे. मी कॉलेजात, अंगात रग. आईने कपाळाला हात लावला, पण भाऊ सोबत आहे म्हणून सोडलं. खाड्या तरीने ओलांडल्या, देवळांतून पथाऱ्या टाकल्या, बुरोंडीला सुकत घातलेल्या मासळीच्या वासात पोहे खाल्ले. रत्नागिरीत घरी जेवून पुढे निघालो तेव्हा दादाची ऐट काही विचारू नका.

पूर्णगडच्या अलीकडे सडा लागला. जांभ्याचं उघडं पठार ते. पावसाळ्यात हिरवंगार असतं, शिमग्याच्या सुमाराला नुसता काळा, तापलेला कातळ. झाड नाही, पाखरू नाही. मधल्या विहिरीवर बाटल्या भरू, असं दादाने ठरवलेलं. त्याच्या मित्राने दिवाळीत ती भरलेली पाहिली होती. आम्ही डोकावलो तर तळाला वाळका पाला. दिवाळीच्या पाण्यावर शिमग्यात भरवसा ठेवणारा माणूस कोकणातला म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. वाटेतलं पाणी नेहमी त्याच दिवशी, त्याच गावात विचारून घ्यावं.

तिथून थोडं पुढे गेलो आणि दादा बरळायला लागला. घाम थांबला होता, कपाळाला हात लाववेना. बसला तो उठेचना. करवंदीच्या जाळीखाली जेवढी सावली होती तेवढीत मी त्याला सरकवला. बाटलीतला शेवटचा घोट ओढणीवर ओतून ती त्याच्या डोक्याला गुंडाळली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला 'आई' म्हटलं. माझ्या तोंडचं होतं नव्हतं ते पाणी पळालं. आता पाणी मिळालं नाही तर हा जातो, एवढंच कळत होतं.

मी शेजारच्या गडग्यावर, दगडांच्या कुंपणावर, चढले. वारा पडलेला. उन्हात कातळ हलत असल्यासारखा दिसत होता. आणि हाकेच्या अंतरावर, पायवाटेने, तिघी-चौघी बायका डोक्यावर भरलेल्या कळश्या घेऊन चालल्या होत्या. मी जीव खाऊन ओरडले, "अहो मावशी." त्यातच घसा फाटला. दुसरी हाक येईचना, तोंडातून नुसता वारा निघाला.

बायका थांबल्या, सगळ्या एकदम. ओ मात्र एकीनेही दिली नाही. एकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, दुसरीने तिचा हात ओढला आणि त्या एकीमागे एक चालू लागल्या, आधीपेक्षा झपाझप, पुन्हा मागे न बघता.

आधी मला संताप आला. मग कळलं, आणि त्या उन्हात अंगावर काटा आला. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला शिकवतात, उजाड जागी टळटळीत दुपारी हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारील, तिसऱ्यांदा मारील. जे माणूस नाही त्याला एकदाच हाक मारता येते. त्या हाकेला ओ दिलीत की गेलात त्याच्यामागे. मी स्वतः लहानपणी आंब्याच्या बागेतून अशीच पळत घरी आले होते.

आणि मी दिसत कशी होते? पांढरा कुडता, ओढणी नाही, गडगा चढताना केस सुटलेले, सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली गडप. मीसुद्धा मला ओ दिली नसती. मी वाकून पाय बघितले. खरंच बघितले, सुलटे आहेत ना म्हणून. एकदा तर वाटून गेलं की मीही दादाशेजारी त्या जाळीखालीच आडवी पडले असेन आणि इथे उभं आहे ते भलतंच कुणीतरी. जाळीकडे वळून बघायची छाती होईना.

खिसा चाचपला तर एक आमसूल सापडलं. पायी जाणाऱ्याने खिशात आमसूल ठेवावंच. ते गालात धरल्यावर तोंड कसंबसं ओलं झालं. तोवर बायका उताराला लागल्या होत्या. तीन हाका मारायचं भान कुणाला होतं? तोंडातून शिव्याच बाहेर पडल्या. त्यांच्या आयांना, सासवांना, कळश्यांना. शाळेच्या वाटेवर कानावर पडलेल्या आणि घरात कधी न उच्चारलेल्या, सगळ्या.

सर्वांत मागची बाई थांबली. इतरांशी काहीतरी बोलली आणि एकटीच माघारी आली. वयस्क होती, लुगडं गुडघ्यापर्यंत. गडग्यापासून लांब उभी राहून तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"शिव्या आपण त्यांना घालतो, बाय," ती म्हणाली. "त्यांना नाय येत."

मग ती धावलीच. दादाच्या डोक्यावर, छातीवर, काखेत तिने पाणी ओतलं, थोडं थोडं करून पाजलं. बाकीच्याही आल्या, त्यांनी पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने दादाने डोळे उघडून पूर्णगड किती लांब आहे ते विचारलं, तेव्हा मी लाज सोडून मोठ्याने रडले.

त्या बाईने रिकामी कळशी खाली ठेवली. "एकच हाक का गो मारलीस?"

"घसा सुकला होता. दुसरी आलीच नाही."

"येतच नाय?"

"नाही आली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर विहिरीच्या पलीकडे, कातळावर गेली.

"गेल्या साली शिमग्याच्या आधी हितंच ऐकलेली आमी," ती म्हणाली. "बाप्याची हाक. एकच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घराकडं गेलो."

एवढं बोलून ती होती तिथेच, तापल्या कातळावर, खाली बसली.