पिवळ्या हातांनी दवाखान्यात

ओल्या हळदीचा वास आला की आजही मला तो दवाखाना आठवतो. हळद लागलेल्या नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं. मी मात्र दाजींचा मफलर तोंडाला गुंडाळून मुदखेडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीला पळालो होतो. महिन्यापूर्वी दोस्तांच्या नादाने कंडोमशिवाय शहाणपणा करून बसलो होतो, आणि माझ्यामुळे उद्या घरी येणाऱ्या पोरीलाही काही होईल ही भीती होती. तोंड झाकलेलं, पण पिवळे हात उघडेच! "नवरदेव, मफलर काढा," तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. रक्त दिलं आणि बाकावर बसलो. तासाभराने बाई म्हणाल्या, "आज तरी काही न्हाई. पण इतक्या लवकर सगळं दिसत न्हाई. तीन महिन्यांनी परत या, तोवर कंडोम वापरा. अन् नवरीला आजच सांगा." दवाखान्याच्या पायरीवरूनच तिला फोन लावला. सगळं सांगितलं; लग्न मोडलंच, असं मी धरून चाललो होतो. पण ती म्हणाली, "तीन महिने अंगाला हात लावायचा न्हाई. अन् तपासणीला मी बी येणार हाय." तीन महिन्यांनी खरंच आली, आणि निकालाचा कागद माझ्याआधी तिनेच वाचला: काही निघालं नव्हतं. आता पुतणीची सोयरीक ठरतेय. मुलाला तपासणीचं विचारायला बायकोने मलाच पुढं केलंय, आणि मी पुन्हा मफलर शोधतोय.