टेबलामागे फक्त पदवीधर

आमच्या मुलुंडच्या निसर्गमंडळातले किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. फिशटँकच्या काचेवर शेवाळ चढतं तसे ते आपोआप साचलेत, कारण इथे कुणी काही घासून काढतच नाही! सगळे साठीच्या पुढचे. मी एकटी बावीसची, झूलॉजीची बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेली. नापास नाही झाले. नोट्स उतरवून घ्यायचा वैताग आला.

*

अध्यक्ष प्रधान सर म्हणजे झूलॉजीचे रिटायर्ड प्राध्यापक. दर रविवारी पिवळ्या पडलेल्या वहीतून शिकवतात. त्या दिवशी विषय होता पेरिपॅटस, म्हणजे वेल्व्हेट वर्म. बोटाएवढा, मखमली अंगाचा, आखूड गुबगुबीत पायांचा.

"हा गांडूळ आणि कीटक यांच्यामधला दुवा. लिहून घ्या."

मी म्हटलं, "सर, हे कधीच जुनं झालं. त्याचा प्राण्यांमध्ये स्वतंत्र संघ आहे, वेगळा फायलम. कीटकांचा लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण गांडुळाशी सोयरीक नाही."

"तावडे, परीक्षेत हेच लिहावं लागतं!"

"म्हणूनच मी परीक्षा सोडली, सर!"

*

मग शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शन ठरलं. वेल्व्हेट वर्मचं टेबल मला हवंच होतं. हा पठ्ठ्या तोंडाशेजारून चिकट द्रवाच्या दोन पिचकाऱ्या मारतो, भक्ष्य जागीच जखडतो आणि जेवताना तो चिकटाही परत गिळतो. काही जाती अंडी घालतात, काही थेट पिल्लं देतात, आणि काहींच्या पोटात तर माणसासारखी चक्क वार, म्हणजे प्लासेंटा असते! मुलांना हे कोण सांगणार, ती पिवळी वही?

सर म्हणाले, "टेबलामागे फक्त पदवीधर. तू नमुन्यांच्या बरण्या पूस."

डोकंच फिरलं माझं.

*

मोहिते काका बँकेतून रिटायर झालेले, मूळचे कणकवलीचे. मी म्हटलं, वेल्व्हेट वर्मची भारतात एकच जात माहीत आहे, तीही अरुणाचलात. शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसली नव्हती, आता कुठे परत सापडली.

"कायतरीच! मृगात आमच्या अंगणात ढीगभर असतात. लाल, मखमली!"

"काका, तो मृगाचा किडा. कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा."

"मग तुझा आणायला अरुणाचलला कोण जाणार? आपण मृगाचाच ठेवू!"

*

मीटिंगला वडे नेहमी उषाकाकू करून आणतात. आधी पुरुष मंडळी तुटून पडतात, काकूंच्या वाट्याला चुरा. मी सहज सांगितलं, ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत कळपाची मुख्य मादी असते. शिकार झाली की आधी ती एकटी पोटभर जेवते. मग बाकीच्या माद्या, मग नर.

मोहिते काकांचा हात डब्यापर्यंत पोचला होता. काकूंनी झाकण लावलं.

"थांबा हो. आज ऑस्ट्रेलियन पद्धत!"

झकास! पहिला वडा काकूंनी, दुसरा मी.

*

बरण्या पुसताना सरांची लाडकी बरणी हाती आली. लेबल त्यांच्याच अक्षरात: पेरिपॅटस. मी भिंगातून पाहिलं. वेल्व्हेट वर्मचे सगळे पाय सारखे, बिनसांध्याचे, आणि डोक्यावर दोन लांब मिशा. इथे पुढचे तीन जोड पाय टोकदार, सांध्यांचे. मग मोकळी जागा. मग गुबगुबीत पाय. मिशांचा पत्ता नाही.

"सर, ही पतंगाची अळी आहे."

"तीस वर्षं मुलांनी जर्नलमध्ये हीच काढली. तीस वर्षं मी सही केली."

"तीस वर्षं अळीच काढली, सर."

"पदवी घे, मग मला शिकव!"

*

प्रदर्शनाच्या दिवशी सर बरणीसकट टेबलामागे बसले. पुढे मुलांची लाईन. त्यांचे एक जुने विद्यार्थी आले, आता स्वतः एका कॉलेजात झूलॉजीचे प्रमुख. सरांनी बरणी पुढे केली. "ओळख पाहू!"

ते हसले. "सर, अजून ही अळीच ठेवलीय?"

सरांनी बरणी टेबलावर ठेवली.

"तुला... माहीत होतं?"

"सगळ्या वर्गाला माहीत होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्या हातात होते ना!"

सरांनी चष्मा पुसला. खुर्चीवरून उठले, ती माझ्याकडे सरकवली आणि टेबलाला वळसा घालून समोर गेले. लाईनीत मुलांच्या पुढे उभं राहून त्यांनी हात वर केला.

"मॅडम, एक शंका आहे."

मी खुर्चीत नीट बसले.

"आधी लाईनीत मागे जा, सर!"