फोटोखाली काय लिहायचं

तिरुमलराव खडू आधी मोडतात, मग वापरतात. कॉफी अर्धी पितात आणि उरलेली थंड झाली म्हणून बायकोला दाखवतात. स्कूटर नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावतात. मुलांना नावानं कमी आणि राहत्या जागेनं जास्त हाक मारतात. "ए येलवाल, तू सांग." मराठीत चिडतात, कन्नडमध्ये समजावतात. मुलाचं गणित चुकलं की रागावण्याआधी स्वतःचा चष्मा पुसतात.

सरस्वतीपुरममध्ये एका बेकरीच्या वर त्यांचा दहावीच्या गणिताचा क्लास आहे. साहित्यात एम.ए. केल्यावर दुसरं काही मिळेना, म्हणून मी तिथे इंग्रजी शिकवायला लागले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मित्र म्हणावं असं मला म्हैसूरमध्ये दुसरं कोणी नाही.

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडचे रस्ते फ्लेक्सनी भरतात. प्रत्येक क्लासचा एक फ्लेक्स. वर गुरूंचा हात जोडलेला फोटो, खाली हुशार मुलांचे चेहरे आणि चेहऱ्यांपेक्षा मोठे मार्क. ते बघून पालक पुढच्या वर्षीची फी भरतात. सरांचा क्लासही इतकी वर्षं असाच चालला. जुने फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. ते गळक्या पत्र्यावर जातात, लाकडांवर जातात.

यंदा एप्रिलमध्ये सर शहाळं प्यायला थांबले. शहाळ्यांच्या ढिगावर त्यांच्याच क्लासचा जुना फ्लेक्स अंथरलेला होता. मधोमध जय नावाचा मुलगा, गणितात शंभर. सर शहाळेवाल्याला म्हणाले, "हा माझा विद्यार्थी." शेजारी एक दाढीवाला तरुण उभा होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो हसला आणि म्हणाला, "तो मीच, सर."

हे सरांनीच मला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हेब्बाळला आहे म्हणाला. कंपनीच्या बसनं जातो-येतो. बरं चाललंय म्हणाला. मग विचारतो, सर, माझं काय आठवतं तुम्हाला?"

"काय सांगितलंत?"

"शंभर."

"आणि?"

"आणि काही आठवलंच नाही, विद्या. तो 'सरी, सर, बरं' म्हणाला आणि गेला."

मला वाटलं, विसरतील. मे महिन्यात निकाल लागला. आमच्या भव्याला गणितात शंभर मिळाले. समोरच्या नव्या इमारतीत एसी लावलेला मोठा क्लास सुरू झाला होता. तिकडे नावं नोंदवायला रांग होती. आमच्याकडे दोन बाकंही भरत नव्हती. बेकरीवाल्यानं सरांच्या बायकोला, अंबुजाकाकूंना विचारलं, जुलैपासून वरची जागा लागेल ना तुम्हाला? काकूंनी त्याच दिवशी फ्लेक्स छापणाऱ्या वेंकटेशला बोलावलं.

सर त्याला म्हणाले, "यंदा सगळ्यांचे फोटो. मार्क कोणाचेच नाहीत."

"मग खाली काय, सर?"

"वर्षभरात त्या मुलाला जे जमायला लागलं, ते. एका ओळीत."

वेंकटेशनं माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे. काकू आत निघून गेल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी सर मराठीत ओळ सांगायचे आणि मी ती कन्नडमध्ये टाइप करायची. ते मुलांच्या जुन्या चाचण्या काढायचे आणि पान उलटून मागचं कच्चं काम बघत बसायचे. तिथून त्यांना मूल आठवायचं. शरत: कळलं नाही, हे मोठ्यानं म्हणतो. श्रीलक्ष्मी: आकृती न कंटाळता पुन्हा काढते. अर्णव: स्वतःची चूक सापडली की हसतो. ओळ झाली की सर ती मुलांना वाचून दाखवायचे. मला आधी गंमत वाटली. मग भीती वाटायला लागली.

अर्णवची आजी गिरिजाबाई जिना चढून आल्या.

"एनरी, काय हो तिरुमलराव, आमचा पोरगा चुकतो आणि वर हसतो, हे गावाला सांगायचं होय?"

"हसतो म्हणजे आता घाबरत नाही, गिरिजाबाई."

"पास झालाय तो. पास लिहा की. हसण्यावर कुठल्या कॉलेजात घेतात?"

सर काहीतरी बोलणार होते. त्या खाली उतरल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी भव्याचे वडील आले, वेंकोजीराव. कडकोळच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"तिच्या फोटोखाली काय लिहिलंत, सर?"

"अजून काही नाही."

"शंभर आलेत, शंभर लिहा. यात विचार कसला करायचा?"

"ते सगळ्यांना माहीतच आहे, वेंकोजीराव."

"माहीत असू दे की. आमच्या घरात पणजोबा महाराजांच्या पलटणीत होते, तेवढं एकच सांगत आलो आम्ही. आता हे एक झालंय. तुम्हाला तो आकडा लहान वाटत असेल, सर. आम्हाला वाटत नाही."

ते गेले. मला वेंकोजीरावांचं पटलं होतं. सरांचंही पटत होतं. दोन्ही कसं पटतं, हे मला कळत नव्हतं.

चार दिवसांनी समोरच्या क्लासचा फ्लेक्स लागला. त्यात मधोमध भव्या. जानेवारीत तिनं तिथे एक सराव परीक्षा दिली होती, तेवढ्यावर ती त्यांची झाली. शंभरचा आकडा आमच्या खिडकीतूनही दिसत होता.

काकू खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "एक आकडा टाका. एवढंच मागते. बाकीच्यांचं तुम्हाला हवं ते लिहा."

"टाकतो," सर म्हणाले.

"कधी?"

"तिच्याबद्दल एक ओळ सुचू दे. मग दोन्ही टाकतो."

ते तिची चाचणी घेऊन बसले. पान उलटलं. मागे काहीच नव्हतं. भव्या कच्चं काम करत नाही. सगळं मनात करते. सरांनी दुसरी चाचणी काढली, तिसरी काढली. सगळी पाठची पानं कोरी.

शनिवारी भव्या स्वतः आली. दारातच उभी राहिली.

"सर, अप्पांनी विचारायला सांगितलंय."

"तूच सांग मला. काय लिहू?"

ती फळ्याकडे बघत राहिली. "लवकर सोडवते?"

"ते शंभरात आलं की."

"मग गोत्तिल्ला, माहीत नाही, सर."

"गणित आवडतं तुला?"

तिनं विचार केला. "चुकत नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. तिला वाटलं आपण काही चुकीचं बोललो. घाईनं म्हणाली, "शंभर लिहा, सर. मला चालेल." जिन्यापर्यंत गेली आणि थांबून म्हणाली, "अर्णवचं छान लिहिलंय."

ती गेल्यावर सर म्हणाले, "वर्षभर दुसऱ्या बाकावर बसायची. मी तिला कधी काही विचारलंच नाही. ज्याचं बरोबर येतं त्याला कोण विचारतं?"

मी म्हटलं, "सर, पण क्लास बंद पडेल."

"हो की."

"मग?"

"तेच बघतोय."

त्यांना भीती वाटत होती. ती मला दिसत होती. तरी ते उठून वेंकटेशला फोन करत नव्हते. ज्याचा एवढा क्लास चालला तो माणूस मला यशस्वी वाटायचा. आता क्लास चालत नाही आणि मला तेवढ्या खात्रीनं काही सांगता येत नाही. साहित्यातल्या असल्या माणसांबद्दल मी पानंच्या पानं लिहिलीत. परीक्षेत त्याला मार्कही मिळाले.

जून सुरू झाला. जी थोडी मुलं आली त्यांना सर शिकवतात. बेकरीवाल्याला काकूंनी पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय. वेंकटेशचा रोज फोन येतो. त्याच्या कॉम्प्युटरवर फ्लेक्स तयार आहे. बाकी सगळ्या फोटोंखाली ओळी आहेत. एका फोटोखाली सरांनी एवढंच लिहून ठेवलंय: भव्या, आणि पुढे ओळ सुरू होण्याआधीची दोन टिंबं.