शिवदासची गार गाडी

वैशाख अर्ध्यावर आला होता आणि वारा कुठे तरी मरून पडला होता. मिठागराकडून येणारी झुळूकसुद्धा खाडीच्या चिखलात पाय रुतल्यासारखी अडून बसलेली. सकाळीच सदरा अंगाला चिकटत होता. शिवदासने दारातल्या मांडवाला आंब्याचे टहाळे बांधले आणि बादली घेऊन तो गाडी धुवायला लागला. संध्याकाळी पोरीची, प्राप्तीची हळद; पण गाडी धुतल्याशिवाय शिवदासचा दिवस उगवत नसे.

गावातली ती पहिली एसीवाली भाड्याची गाडी. आता दारोदार एसी आले, कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरलाही आले, तरी गाव त्याला अजून एसी शिवदासच म्हणे. आडनाव रेशनकार्डापुरतं उरलेलं. भर उन्हात काचा वर करून तो नाक्यावरून जाई, तो पालखीतून देव निघाल्यासारखा. काचा बंद म्हणजे एसी चालू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हळदीच्या दिवशी त्याच्या गळ्यात एकच काम होतं. पेणकडून बायजामावशीला आणायचं. बायजा धवलारीण. लग्नाचे धवले गाणारी, देवांना नावानिशी हाका मारून मांडवात बोलावणारी बाई. डीजे कितीही दणदणला तरी धवलारणीने हाक घातल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, ही या बाजूची रीत. गावची धवलारीण वारली, तिच्या सुनांना धवले येत नाहीत. म्हणून आता बायजा. आणि बायजाची एक गोष्ट गावभर झालेली. गेल्या साली ती कुणाच्या तरी गाडीतून अर्ध्या वाटेत उतरली आणि चालत घरी गेली. गाडीत एसी नव्हता म्हणे. त्या लोकांनी शेवटी मोबाइलवर धवले लावून हळद उरकली. त्यांना गाव अजून हसत होतं.

"आपल्याला ती भीती न्हाय," शिवदासची बायको सगुणा आल्यागेल्याला सांगत होती. "आमची गाडी म्हंजे फ्रिज हाय नुसता."

धुतलेल्या गाडीत बसून शिवदासने चावी फिरवली, एसीचं बटण दाबलं, आणि बोनेटखालून डुकराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंकाळी आली. मागोमाग जळक्या रबराचा वास.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या दिनानाथने बोनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

"कॉम्प्रेसर आटकला," तो आतूनच म्हणाला. "पट्टा त्याच्यावर घासून जलतोय."

"मग पट्टा काढून टाक. आजच्या दिवस भागवतो."

"पट्टा एकच हाय, शिवदास. तोच पान्याचा पंप फिरवतो, तोच बॅटरी भरतो. काढलास तर पेनला जायचा सोड, वडाच्या पारापर्यंत न्हाय जायचास."

"नवीन कॉम्प्रेसर बसव."

"ह्या गाडीचा? आज सांगितला तर प्राप्ती पयल्या बालंतपनाला येईल तवा मिलेल."

मग दिनानाथने फळीवरून एक गोल, रिकामी चकती काढून हातावर ठेवली. कॉम्प्रेसर काढायचा, त्याच्या जागी ही बायपास पुली बसवायची. पट्टा हिच्यावरून फिरतो, बाकी गाडी ठणठणीत चालते.

"आनि ही काय काम करते?"

"कायच न्हाय. हलदीत नवरीचा बाप कसा? काम काय करत न्हाय, पन मांडवात फिरत रहातो. त्याच्यावाचून अडतंच."

"आनि एसी?"

"एसीच्या नावानं आंघोल कर."

शिवदास स्टुलावर बसला. डोळ्यांपुढे अर्ध्या वाटेत उतरणारी बायजा आली, मोबाइलवर धवले ऐकत पाटावर बसलेली प्राप्ती आली, आणि सगळ्यात मागून, कमरेवर हात ठेवून, सगुणा आली. दिनानाथने राहिलेला गॅस मशिनीत ओढून घेतला, नळ्यांची तोंडं बंद केली, पुली चढवली. गाडी मुकाट सुरू झाली. गॅरेजमधली गोष्ट गॅरेजमध्येच राहील अशी शिवदासने त्याला प्राप्तीच्या हळदीची शपथ घातली.

आता दुसऱ्या कुणी सरळ सांगून टाकलं असतं. पण शिवदास बंदराजवळ वाढलेला. गार करायचं म्हटलं की या माणसांच्या डोक्यात एकच वस्तू येते. त्याने करंजाचं बंदर गाठलं, थर्माकोलचा खोका फोडलेल्या बर्फाने भरून घेतला, पुढच्या सीटवर ठेवला, झाकणाला भोकं पाडली, वर नवी चादर टाकली. समोर गाडीचा पंखा फुल केला. वारा बर्फाला लागेल, बर्फाचा गारवा मागे जाईल. शिवदासला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बायजा गाठोडं घेऊन ओटीवर तयारच होती. बारीक अंगाची, सत्तरीची. "बस मावशी, मागं ऐसपैस," म्हणत त्याने दार लावलं आणि चारी काचा वर केल्या.

पहिल्या दोन गावांतच गाडीचं भाताचं टोप झालं. पंखा इंजिनाची ऊब आत ओतत होता. शिवदासच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम स्टिअरिंगवर ठिबकत होता. आरशात बायजा पदराने वारा घेताना दिसली, तसा तो थंडी वाजल्यासारखा दंड चोळत म्हणाला, "जरा जास्तच गार झाला का गो मावशी? कमी करू?"

बायजाने त्याच्या मानेकडे पाहिलं. तिथे सदऱ्याची कॉलर भिजून काळी झाली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग दोनदा नाक ओढलं. "शिवदास, पुढं काय हाय?"

"मांडवातली चादर."

"चादरीला म्हावऱ्याचा वास येतो."

"बंदराजवल घर आमचा. सगल्यालाच येतो."

तेवढ्यात रस्त्यावरचा गतिरोधक आला. शिवदासचं लक्ष आरशात होतं. गाडी उडाली, खोका कलंडला, आणि बर्फाचं गढूळ पाणी सीटवरून खाली, तिथून मागे वाहत गेलं. बायजाने पाय वर घेतले. मग वाकून पायापाशी आलेली एक लहानशी वस्तू चिमटीत धरून वर केली.

"कोलंबीचा बर्फ हाय," ती म्हणाली. "ही पन हलदीला येते का?"

शिवदासने गाडी कडेला घेतली. समोर मिठाचे ढीग उन्हात पांढरेफटक दिसत होते. सकाळपासून दाबलेलं सगळं त्याच्या तोंडून भळाभळा बाहेर पडलं, पुलीसकट. "मावशी, उतरू नको. प्राप्तीची हलद हाय. मोटारसायकल आनतो, रिक्षा आनतो, काय सांगशील ते. एसी तेवढा न्हाय."

"मी कशाला उतरू?"

"गेल्या साली उतरलीस ना. एसी न्हवता म्हनून."

बायजाचं पोट हलायला लागलं, आणि दात नसलेलं तोंड उघडून ती हसली. "एसी न्हवता? अरं, तो मेला एसी बंदच करत न्हवता. गारव्यानं माजा गला धरला. धवला काय खोकून गायचा? मी तुज्या गाडीत बसताना देवाचा धावा केला, का ह्या एसी शिवदासच्या गाडीत माज्या गल्याचं काय व्हनार."

शिवदासने चारी काचा खाली केल्या. भरती लागली होती. मिठागरावरून वारा आत आला, खारट, भरपूर. बायजाने कोलंबी खिडकीतून टाकली, घसा खाकरला आणि घरापर्यंत एकेका देवाचं नाव हलक्या आवाजात चाखून बघत आली.

मांडवात सगुणा धावत आली. उघड्या काचा बघून तिचा चेहरा उतरला. "एसी न्हाय लावलास?"

शिवदासने तोंड उघडलं, पण बायजा आधी बोलली. "लावलेला. मीच बंद करायला सांगितला. लय गार गो तुज्या नवऱ्याची गाडी, हाडं गोठली माजी."

सगुणाने आजूबाजूच्या पाहुण्यांकडे एक नजर फिरवली. सगळ्यांना ऐकू गेलंय याची खात्री करून घेतली.

ऊन कलल्यावर प्राप्तीला पाटावर बसवलं. बायजाने कानावर हात ठेवला आणि पहिल्या देवाला हाक घातली. आवाज मांडवाबाहेर पार खाडीपर्यंत गेला असावा. डीजेवाला पोऱ्यासुद्धा वायर हातात धरून उभा राहिला. शिवदास या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला फिरत होता. कुणी त्याला काम सांगत नव्हतं. गर्दीतून दिनानाथने त्याच्याकडे पाहून बोट गोल फिरवून दाखवलं. शिवदासने मान दुसरीकडे वळवली, डोळे पुसले.

प्राप्तीला बापाची हळद लावून झाल्यावर तो हळूच मागच्या दाराने बाहेर पडला. गाडीतली रबराची पायपुसणी काढून कुंपणावर टाकली, बादली भरली, चिंधी बुडवली आणि सीटखाली शिरून कोलंबीचं पाणी पुसायला लागला.