बंद गाडीतली ठकठक

भुताखेतांसाठी आमच्या घरात कधी कोणाला सवडच नव्हती, त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास असण्याचा प्रश्नच येत नाही. वडील जळगावच्या मार्केटला हमाली करायचे, आई जिनिंगमध्ये कामाला. कापसाच्या मशीनजवळ तिचं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यातच दोन्ही कान गेले. कानाला यंत्र लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कुकरची शिट्टीसुद्धा तिला कळत नाही, ती वाफ बघून गॅस बंद करते. अशा घरातून मी बी.कॉम. झालो. भावकीतला पहिला ग्रॅज्युएट! धुळ्यात नोकरी लागली, आईवडिलांना इथेच देवपूर भागात आणलं आणि गेल्या वर्षी जळगावहून एक सेकंडहँड गाडी घेतली.

गाडी घेतली ती धाकट्या बहिणीसाठी. मनीषाचं सासर साक्रीच्या पुढे, डोंगराकडच्या गावात. पहिलं बाळंतपण आमच्याकडे. तिला एसटीचे धक्के खायला लावायचे नाहीत, स्वतःच्या गाडीतून माहेरी आणायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

गाडी आली त्या दुपारी आई दारात तांदूळ निवडत बसली होती. गाडी बंद, लॉक केलेली, चावी माझ्या खिशात. एकदम आईने मान वर केली.

"गाडीमा कोनी ठोकी ऱ्हायनं?"

मी हातानेच खूण केली — कोणी नाही. ती उठून गाडीपाशी गेली, डावीकडच्या पुढच्या चाकावर हात ठेवला. "आठे शे. तुले ऐकू येत नई का?"

आता बघा... बहिरी ती, आणि विचारते मला! मी हसून सोडून दिलं. पण ती रोज तेच सांगायला लागली, आणि मग हट्टालाच पेटली — "पोरगीले या गाडीमा आननं नई. मी बी बससू नई."

झालं, सुरू झाल्या गॅरेजच्या वाऱ्या. गाडी जिथून घेतली त्या जळगावच्या मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, मक्खन गाडी आहे." धुळ्यातल्या एका मोठ्या गॅरेजवाल्याला मी "आवाज येतो" एवढंच बोललो, तर त्याने गाडी न उचलताच पूर्ण सस्पेन्शन बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं.

"तुम्हाला आला का आवाज?"

"कस्टमर म्हणतोय म्हणजे येतच असणार ना!"

मनीषाच्या दवाखान्यासाठी जे बाजूला ठेवलं होतं, ते सगळं त्यात गेलं असतं. मी चावी परत मागितली.

शेवटी आमच्याच भागातल्या भिकन आप्पाच्या गॅरेजला गेलो. आईला रिक्षाने नेलं.

"आवाज कोणाला येतो?" आप्पाने विचारलं.

"आईला."

"अन् आईला ऐकू किती येतं?"

"काहीच नाही."

आप्पाने पान्हा खाली ठेवला. "सर, शिकलेले ना तुम्ही? मग अक्काला कानाच्या डॉक्टरकडे न्या ना. माझ्याकडे काय आणलं?"

"ते झालं, आप्पा. आता चाकाच्या डॉक्टरकडे आलोय."

हसत हसत त्याने गाडी जॅकवर घेतली आणि चाक काढलं. आई स्टुलावर, आमच्याकडे पाठ करून, रस्त्यावरची ये-जा बघत बसली होती. आप्पा आतल्या एकेका पार्टवर हातोडी मारून बघत होता. आई ढिम्म. मग चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मवर त्याने हळूच हातोडी मारली... आणि आई गर्रकन वळली.

"हाऊच! हाऊच आवाज शे!" हाच तो आवाज, म्हणे.

आप्पाने तिला खुणेने परत रस्त्याकडे बघायला लावलं. दुसऱ्या पार्टवर मारली — काही नाही. आर्मवर मारली —

"हाऊच!"

आप्पाचं हसणं थांबलं. त्याने वायर ब्रश घेऊन आर्मवरचा काळा रंग खरवडला. खाली जुनं वेल्डिंग निघालं आणि त्या वेल्डिंगलाच चीर. आर्म काढून त्याने एक जोरात घाव घातला, तर दोन तुकडे!

"उतारावर तुटलं असतं तर..." तो एवढंच बोलला. "कोण बसणार होतं?"

"बहीण. सातवा महिना."

त्याने आधी अक्कासाठी चहा सांगितला.

नवीन आर्म आणि मजुरी, त्या एस्टिमेटपुढे अगदी किरकोळ खर्च आला. काम चालू असताना शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडर लावला, आम्ही दोघांनी कान झाकले. आई शांतपणे बशीतला चहा पीत होती. चाक बसल्यावर मात्र ती आपण होऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. "आते चूप व्हयनी," म्हणाली.

माझ्या परीने मी डोकं चालवलं. ऐकू न येणाऱ्यांना कंप जास्त जाणवतो म्हणतात. गॅरेजमधल्या प्रकाराला ते एक वेळ लागू होईल. पण अंगणात उभ्या असलेल्या बंद गाडीला कंप कुठला? आणि नेमकं तेच चाक? आप्पालाही विचारलं. तो म्हणतो, "सर, मी पार्ट बदलतो, उत्तरं नाही देत."

मनीषाला आणताना उतारावर मी जपून चालवत होतो, आणि आई मागे तिचा हात धरून गाढ झोपली होती. भाची झाली. ती रडली तर आईला ऐकू येत नाही, चेहरा बघून समजतं. तो आवाज तिला कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही. पण आमच्या भावकीत स्वतःच्या घरच्या गाडीने बाळंतपणाला माहेरी आलेली पहिली मुलगी माझी बहीण आहे, आणि ती सुखरूप आली.