उतारानं दिलेलं चार्जिंग

ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग जातो कुठे, याचा कधी विचार केलात? बहुतेक गाड्यांत तो ब्रेक तापवण्यात वाया जातो. दोन हजारनंतर माझ्या आत्यानं बॅटरीवरची छोटी गाडी घेतली, तेव्हा मला हे कळलं. जाम गावाहून परतताना चार्जिंग संपत आलं होतं आणि घर लांब होतं. उतार लागताच बाबा म्हणाले, "न्यूट्रल कर नं बाई, बॅटरी वाचंल."

"काऊन भाऊ?" गाडी चालवणाऱ्या आत्यानं उलट विचारलं. "चाकं मोटर फिरवून चार्जिंग करून राह्यले. फुकटचं सोडून देऊ?"

तिनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागून कुणी अलगद धरल्यासारखी गाडी मंदावली, काटा चार्जिंगकडे वळला. तेवढ्या आधारावर घर गाठलं. आत्याचे हे उपकार मी मानतो. तुम्हीही उतारावर गाडी न्यूट्रल करू नका.